हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या उपद्रवांवरील शस्त्रक्रिया

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या उपद्रवांवरील शस्त्रक्रिया : हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिणीची एखादी शाखा गुठळीमुळे एकाएकी बंद पडली म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला स्नायूचा भाग मृत होतो. यालाच व्यवहारात हृदयविकाराचा झटका असे म्हणतात. झटक्यातून वाचलेल्या रुग्णांपैकी थोड्या जणांच्या बाबतीत हा मृत भाग पुढील काही दिवसांत फाटतो किंवा पुढील काही आठवड्यांत ताणला जाऊन फुगतो. दोन्ही प्रकारांत हृदयाची मूळ रचनाच बिघडते. औषधे हृदयाचा भार हलका करू शकतात. परंतु फाटलेला पडदा किंवा तुटलेला स्नायू ती सांधू शकत नाहीत. त्यामुळे अशा उपद्रवांवर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय ठरतो. या शस्त्रक्रियेचा इतिहास प्रामुख्याने १९५० नंतरचा आहे. छिद्र कसे बुजवावे याबरोबरच, शस्त्रक्रिया केव्हा करावी, हा प्रश्न त्या इतिहासात प्रारंभापासून आढळतो.

उपद्रवांचे स्वरूप : हृदयाचे मुख्य पंपाचे कार्य डावे निलय करते. उजव्या निलयापेक्षा त्याची भित्ती जाड असते व त्यातील दाबही पुष्कळ अधिक असतो. झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत रक्तातील पांढऱ्या कोशिका मृत स्नायूत शिरून त्याचा निचरा करू लागतात. या काळात तो भाग मऊ व ठिसूळ असतो. पुढे त्या जागी तंतुमय ऊतक तयार होऊ लागते आणि सुमारे सहा ते आठ आठवड्यांत घट्ट व्रण बनतो. जुना भाग कमकुवत झालेला आहे व नवा अद्याप तयार झालेला नाही, अशा मधल्या अवधीत निलयातील दाब सहन न होऊन भेद होण्याचा संभव असतो. तो बहुधा वयस्क रुग्णांत व पहिल्याच झटक्यानंतर आढळतो. कारण ज्यांना पूर्वीपासून हृद्‌शूळाचा त्रास असतो, त्यांच्या हृदयात रक्ताचे पर्यायी मार्ग काही प्रमाणात तयार झालेले असतात.

भेद कोठे झाला यावरून उपद्रवांचे प्रकार पडतात. दोन निलयांमधील पडद्याला छिद्र पडल्यास त्याला निलयपटलभेद म्हणतात. यात डाव्या निलयातील रक्त उजव्या निलयात व तेथून पुन्हा फुप्फुसांत जाते. शरीराला रक्त अपुरे पडते व फुप्फुसांत मात्र ते तुंबते. निलयाची बाहेरची भित्ती फाटल्यास रक्त हृदयावरणात साठते आणि त्याच्या दाबाने हृदयाला प्रसरण पावता येत नाही. द्विदल झडपेचे दोर ज्या स्तनाकार स्नायूंना जोडलेले असतात त्यांपैकी एखादा तुटल्यास झडप नीट मिटत नाही व रक्त मागे अलिंदात फेकले जाते. भेद न होता व्रणाचा पातळ भाग फुग्यासारखा बाहेर आल्यास त्याला निलय-विस्फार म्हणतात. पहिले तीन प्रकार काही तासांत वा दिवसांत प्राणघातक ठरू शकतात. चौथा सावकाश वाढणारा आहे.

प्रारंभीची निरीक्षणे : हे उपद्रव प्रथम शवविच्छेदनातून माहीत झाले. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे इंग्रज वैद्य विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी १६४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात एका सरदाराची हकीकत दिली आहे. या गृहस्थाला छातीत, विशेषतः रात्री, दडपल्यासारखे होऊन वेदना होत व अशाच एका आवेगात त्याचा मृत्यू झाला. हृदय उघडून पाहता डाव्या निलयाच्या भित्तीला बोट जाईल एवढे भगदाड पडलेले आढळले. इटालियन शारीरविज्ञ जोव्हान्नी बात्तीस्ता मोर्गान्ये (१६८२–१७७१) यांच्या १७६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही हृदय फाटल्याची वर्णने आहेत. स्तनाकार स्नायू तुटल्याचे वर्णन १८०३ मध्ये फ्रान्समध्ये मेरा यांनी, तर निलयपटलभेदाचे वर्णन १८४५ मध्ये लंडन येथील पीटर मीअर लेथम यांनी केले.

ही सर्व निरीक्षणे मृत्यूनंतरची होती. हृद्‌रोहिणी एकाएकी बंद पडूनही माणूस जगू शकतो, हे अमेरिकेतील शिकागो येथील जेम्स ब्रायन हेरिक (१८६१–१९५४) यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर झटक्याचे निदान रुग्णाच्या हयातीत होऊ लागले व पाठोपाठ उपद्रवांकडेही लक्ष गेले. निलयपटलभेदाचे जिवंतपणी केलेले पहिले निदान १९२३ मधील आहे. १९३४ मध्ये सेगर यांनी त्याची लक्षणे निश्चित केली. झटक्यानंतर काही दिवसांनी पूर्वी नसलेला कर्कश मर्मर ध्वनी छातीवर अचानक ऐकू येणे व त्याबरोबर रुग्णाची प्रकृती ढासळणे ही त्यांतील प्रमुख होत. मात्र निदान झाले तरी वैद्यांच्या हाती विश्रांती व वेदनाशामक औषधे यांपलीकडे काही नव्हते.

निलय-विस्फारावरील शस्त्रक्रिया : चारही उपद्रवांत विस्फारावर प्रथम शस्त्रक्रिया झाली आणि तीही अनपेक्षितपणे. १९३१ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक फेर्डिनांट झाउअरब्रुख (१८७५–१९५१) हे छातीतील गाठ समजून जी काढावयास गेले, ती उजव्या निलयाचा विस्फार निघाली. ती फुटून रक्तस्राव सुरू झाला असता त्यांनी टाके घालून तो थांबविला व रुग्ण वाचला. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील क्लॉड बेक (१८९४–१९७१) यांनी १९४४ मध्ये विस्फारावर मांडीतील पटलाचे आवरण शिवून त्याला बाहेरून आधार देण्याची पद्धती वर्णन केली. १९५५ मध्ये चार्ल्स बेली व विल्यम लिकॉफ यांनी धडधडत्या हृदयावरच विस्फाराच्या मुळाशी चिमटा लावून तो कापून टाकल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. विस्फाराच्या आत पुष्कळदा रक्ताची गुठळी असते. बंद हृदयावर काम करताना तिचा तुकडा सुटून मेंदूत जाण्याचा धोका होता.

हृदय उघडून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहत काम करणे हृद्‌फुप्फुस यंत्रामुळे शक्य झाले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन (१९०३–७३) यांनी ६ मे १९५३ रोजी या यंत्राच्या साहाय्याने जन्मजात छिद्र बुजविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. टेक्सस राज्यातील ह्यूस्टन येथील डेंटन कूली (१९२०–२०१६) यांनी हे यंत्र वापरून विस्फार कापून काढला व कडा सरळ रेषेत शिवल्या. या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही रीत सु. पंचवीस वर्षे प्रमाण मानली गेली.

सरळ शिवणीमुळे निलयाचा नैसर्गिक लंबगोल आकार बिघडतो, हे पुढे लक्षात आले. म्हणून १९८० नंतर ब्राझीलमधील आदिब जातेने (१९२९–२०१४) व मोनाकोतील व्हँसाँ डॉर यांनी विस्फाराच्या तोंडाशी वर्तुळाकार टाका घालून, आवश्यक तेथे ठिगळ लावून, आकार पूर्ववत करण्याच्या पद्धती प्रचारात आणल्या. या पद्धतींविषयीच्या अपेक्षा मोठ्या होत्या. परंतु हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या १,००० रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हृद्‌रोहिणीला पर्यायी मार्ग जोडण्याच्या शस्त्रक्रियेला निलयाच्या पुनर्रचनेची जोड दिल्याने मृत्यू वा रुग्णालयात पुन्हा दाखल होणे यांचे प्रमाण घटत नाही, असे तीत आढळले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया निवडक रुग्णांपुरती करण्यात येते.

निलयपटलभेदावरील शस्त्रक्रिया : निलयपटलभेद शस्त्रक्रियेने बुजविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्नही कूली व त्यांचे सहकारी यांचाच होय. त्याचा वृत्तांत १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. निदान झाल्यानंतर नऊ आठवड्यांनी, उजवे निलय उघडून त्यांनी छिद्र बुजविले. ही रीत जन्मजात छिद्रांवरील शस्त्रक्रियेतून घेतलेली होती; परंतु दोन्ही परिस्थितींत मोठा फरक आहे. जन्मजात छिद्राच्या कडा निरोगी व बळकट असतात. झटक्यानंतरच्या छिद्राभोवती मऊ पडलेला मृत स्नायू असतो. टाका ओढताच तो कापला जातो. शिवाय हृदयाच्या टोकाजवळील छिद्र उजव्या बाजूने नीट दिसत नाही, निरोगी असलेल्या उजव्या निलयाला विनाकारण इजा होते व डाव्या निलयाचा मृत भाग तसाच राहतो.

यावर उपाय म्हणून कॅनडातील रेमंड हाइमबेकर व त्यांचे सहकारी यांनी १९६८ च्या सुमारास मृत भागातूनच छेद घेऊन डावे निलय उघडण्याची रीत अवलंबिली. पुढे बॉस्टन येथील विलर्ड डॅगेट यांनी १९७० ते १९८० या दशकात तिला पद्धतशीर रूप दिले. मृत स्नायू कापून काढणे, पडदा व भित्ती कृत्रिम कापडाच्या ठिगळाने स्वतंत्रपणे पुन्हा उभारणे आणि टाका स्नायूत रुतू नये म्हणून टेफ्लॉनच्या पट्ट्यांचा आधार देणे, ही तिची सूत्रे होती.

टोरांटो येथील टिरोन डेव्हिड यांनी १९८० नंतरच्या दशकात याहून वेगळा मार्ग घेतला. मृत स्नायू त्यांनी जागीच राहू दिला. गाईच्या हृदयावरणाचे मोठे ठिगळ निलयाच्या आतून मृत भागाच्या सभोवार असलेल्या निरोगी अस्तराला शिवून घ्यावयाचे व सगळा मृत भाग निलयाच्या पोकळीपासून वेगळा पाडावयाचा, अशी ही पद्धती आहे. यात मुख्य टाके ठिसूळ स्नायूत न पडता निरोगी स्नायूत पडतात, निलयाचा आकार राखला जातो व छिद्रावर दाबही येत नाही. त्यांनी ४४ रुग्णांवरील अनुभव १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. ही पद्धती पुढे अनेक देशांत स्वीकारली गेली.

प्रतीक्षेचा प्रश्न : पहिली शस्त्रक्रिया निदानानंतर नऊ आठवड्यांनी झाली, हा योगायोग नव्हता. छिद्राच्या कडांवर व्रण धरून त्या टाका पेलण्याइतक्या घट्ट व्हाव्यात म्हणून महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ थांबावे, असा दंडक सुरुवातीस होता. उशिरा केलेल्या शस्त्रक्रियांना यशही चांगले येई व त्यामुळे दंडक योग्य असल्याचा समज दृढ झाला. परंतु बहुसंख्य रुग्ण तोवर जगतच नसत. ज्यांचे छिद्र लहान व हृदयाची शक्ती शाबूत, तेच महिनाभर टिकत आणि शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचत. उशिराच्या शस्त्रक्रियेचे यश हे काही अंशी शस्त्रक्रियेचे व काही अंशी रुग्णांच्या या आपोआप झालेल्या निवडीचे होते. जे थांबू शकले नाहीत, त्यांची गणना शस्त्रक्रियेच्या आकडेवारीत होत नसे.

ही गोष्ट उमगल्यावर १९७० नंतर मत बदलत गेले. मूत्रपिंडे, यकृत व मेंदू यांना रक्ताअभावी इजा होण्यापूर्वीच, म्हणजे निदान होताच, शस्त्रक्रिया करावी असे अनेक शल्यचिकित्सक मानू लागले. गुठळी विरघळविणाऱ्या औषधांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ४१,०२१ रुग्णांपैकी ८४ जणांत निलयपटलभेद निश्चित झाला होता. त्यांच्याविषयीचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल या दृष्टीने बोलका आहे. केवळ औषधोपचार झालेल्यांपैकी ९४% रुग्ण तीस दिवसांच्या आत मरण पावले. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ४७% होते. येथेही शस्त्रक्रियेसाठी निवडलेले रुग्ण तुलनेने सशक्त असणार हे उघड आहे. तथापि शस्त्रक्रियेवाचून जगण्याची आशा फारच थोडी असते, हे त्यावरून दिसते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतील वक्ष-शल्यचिकित्सकांच्या संघटनेकडे नोंदलेल्या २,८७६ रुग्णांच्या अभ्यासात (२०१२) एकूण मृत्युमान ४२.९% आढळले. झटक्यानंतर सात दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत ते ५४.१% व त्यानंतर झालेल्यांत १८.४% होते. लवकर केलेली शस्त्रक्रिया धोक्याची असते, असा यातून सरळ निष्कर्ष काढता येत नाही. कारण लवकर शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या रुग्णांची प्रकृती आधीच अधिक खालावलेली होती. म्हणून सर्वांना एकच नियम लावण्याऐवजी रुग्णाच्या स्थितीनुसार निर्णय घेण्याकडे कल आहे. प्रकृती स्थिर राहत असेल तर काही दिवस थांबतात; ढासळत असेल तर विलंब लावत नाहीत.

थांबण्याचा हा अवधी यांत्रिक साहाय्यामुळे काहीसा वाढविता आला. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एड्रियन कँट्रोविट्‌स (१९१८–२००८) यांनी १९६७ मध्ये महारोहिणीत बसविलेला फुगा रुग्णावर प्रथम वापरला. हा फुगा हृदय शिथिल असताना फुगतो व आकुंचनाच्या क्षणी मिटतो. त्यामुळे निलयासमोरील रोध कमी होऊन छिद्रातून जाणारे रक्तही घटते. अलीकडे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळून ते परत पाठविणारी यंत्रेही याच हेतूने काही दिवस लावण्यात येतात. छाती न उघडता, रक्तवाहिनीतून कॅथेटर नावाची लवचिक नळी आत नेऊन छत्रीसारख्या साधनाने छिद्र बुजविण्याचे प्रयत्न १९८८ पासून सुरू आहेत. लहान छिद्रे व शस्त्रक्रियेनंतर राहिलेली गळती यांसाठी ते उपयुक्त ठरतात. मात्र छिद्राच्या कडा ठिसूळ असल्या तर साधन टिकत नाही, म्हणजे मूळ अडचण येथेही कायम राहते.

द्विदल झडपेची गळती : स्तनाकार स्नायू दोन असतात. त्यांपैकी पुढच्याला बहुधा दोन हृद्‌रोहिणींकडून रक्त मिळते, तर मागच्याला एकाच शाखेकडून. म्हणून मागचा स्नायू तुटण्याचे प्रमाण अधिक आहे. झटका लहान असूनही हा स्नायू तुटू शकतो. तो पूर्णपणे तुटल्यास फुप्फुसांत एकाएकी पाणी भरते व रुग्ण काही तासांत दगावू शकतो. १९६० नंतर कृत्रिम झडपा उपलब्ध झाल्यावर या उपद्रवावर उपाय सापडला. बॉस्टन येथील जेराल्ड ऑस्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णात झडप बदलण्याची यशस्वी शस्त्रक्रिया केल्याचे वृत्त १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. उरलेला हृद्‌स्नायू पुष्कळदा बराच निरोगी असल्याने पटलभेदापेक्षा येथे यशाचे प्रमाण अधिक आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९८० ते २००० या काळात शस्त्रक्रिया झालेल्या ५४ रुग्णांत शस्त्रक्रियेच्या सुमाराचे मृत्युमान १८.५% होते.

बाह्य भित्तिभेद : निलयाची बाहेरची भित्ती एकदम फाटल्यास काही मिनिटांत मृत्यू येतो व उपचारास अवसर राहत नाही. काही वेळा मात्र चीर लहान असते व गुठळीने तात्पुरती बुजून रक्त सावकाश झिरपते. क्वचित हृदयावरण चिकटून बाहेरची पिशवी तयार होते. तिला आभासी विस्फार म्हणतात. तिच्या भित्तीत हृद्‌स्नायू नसल्यामुळे ती फुटण्याचा धोका खऱ्या विस्फाराहून अधिक असतो. अशा रुग्णांना वाचविता येते, हे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र वृत्तांतांनी सिद्ध केले. त्यासाठी निदान तत्काळ होणे आवश्यक असते. श्राव्यातीत ध्वनितरंगांनी हृदयाची प्रतिमा मिळविण्याची पद्धती रुग्णशय्येपाशी उपलब्ध झाल्यावर हृदयावरणात साठलेले रक्त काही मिनिटांत दिसू लागले.

सुरुवातीस मृत भाग कापून कडा शिवीत असत. स्पेनमधील बार्सिलोना येथील पाद्रो व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये याहून साधी रीत प्रसिद्ध केली. चिरेवर टेफ्लॉनचे ठिगळ शल्योपयोगी गोंदाने नुसते चिकटवावयाचे, टाका घालावयाचाच नाही, अशी ती होती. त्यांनी या रीतीने उपचार केलेले १३ रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचले. रक्त सावकाश झिरपत असेल अशाच रुग्णांना ही रीत लागू पडते.

प्रतिबंध व भारतातील स्थिती : या उपद्रवांचे प्रमाण शस्त्रक्रियेने कमी झालेले नाही, ते झटक्याच्या उपचारामुळे झाले. पूर्वी झटका आलेल्या रुग्णांपैकी १ ते २ टक्क्यांत निलयपटलभेद होत असे. गुठळी विरघळविणारी औषधे १९८० नंतर सर्रास वापरात आल्यावर वर उल्लेखिलेल्या चाचणीत हे प्रमाण ०.२% आढळले. आंड्रेआस ग्र्यूंटत्सिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे फुग्याने हृद्‌रोहिणी रुंद करण्याची पद्धती सुरू केली. पुढे ती झटक्याच्या वेळीच तातडीने वापरली जाऊ लागली. रक्तपुरवठा लवकर पूर्ववत झाला तर मृत भागाची व्याप्ती मर्यादित राहते व भित्तीची पूर्ण जाडी बाद होत नाही. मात्र एकदा भेद झाल्यावर होणारे मृत्युमान त्या मानाने फारसे घटलेले नाही.

महाराष्ट्रात हृदयशस्त्रक्रियेची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील प्रफुल्लकुमार सेन (१९१५–८२) व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तपुरवठा तुटलेल्या हृद्‌स्नायूला निलयाच्या पोकळीतूनच सूक्ष्म छिद्रांद्वारे रक्त देण्याचा प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. सर्पवर्गीय प्राण्यांच्या हृदयात स्नायूला अशाच रीतीने रक्त मिळते, ही त्यामागील कल्पना होती. भारतातील पहिले हृदयारोपणही सेन यांनीच फेब्रुवारी १९६८ मध्ये केले. आज मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत या लेखात वर्णन केलेल्या शस्त्रक्रिया होतात.

अडचण आहे ती रुग्ण वेळेवर पोहोचण्याची. भारतातील २०,४६८ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत लागलेला मध्यक कालावधी ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास, आढळला. छातीतील दुखणे पित्ताचे वा वाताचे समजून घरगुती उपायांत रात्र काढणे, जवळ वाहन नसणे, जवळच्या दवाखान्यात हृद्‌विद्युत् आलेखाची सोय नसणे व खर्चाची धास्ती अशी कारणे यामागे असतात. पहिल्या काही तासांत बंद हृद्‌रोहिणी उघडली गेली नाही, तर स्नायू पूर्ण जाडीचा मृत होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच फाटण्याचा संभव निर्माण होतो. अशा वेळी शल्यचिकित्सकासमोर येणारा, थांबावे की शस्त्रक्रिया करावी, हा कठीण प्रश्न पुष्कळदा पहिल्या रात्रीच्या विलंबातून उद्‌भवलेला असतो. म्हणून छातीत दडपून दुखणे, घाम सुटणे, दुखणे डाव्या हातात वा जबड्यात पसरणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे, हाच या उपद्रवांवरील सर्वांत खात्रीचा प्रतिबंधक उपाय होय.